का आणि कसं : एका बोटानं उघडणारं धरण

देऊळघाटजवळून वाहणारी पैनगंगा पुढे बुलढाण्याच्या येळगाव धरणात अडते. या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात पाणी दिवसेंदिवस चढतं, दरवाजे ढिम्म. मग एका पातळीला ते आपोआप उघडतात. कळ दाबणारं कुणी नसतं. मग हे ठरवतं कोण?

अशा दरवाजांचे प्रकार बरेच आहेत. त्यातला सर्वांत सोपा पाहू. मीटरभर उंचीची उभी फळी घ्या आणि तळापासून 30 सेंटिमीटरवर तिला आडवी बिजागरी लावा. पाणी खोल तितकं जास्त दाबतं, म्हणून त्याचा एकूण रेटा मध्यावर नव्हे, तर पाण्याच्या उंचीच्या तळाकडून एक तृतीयांशावर बसतो. 60 सेंटिमीटर पाणी असेल तर रेटा 20 वर, म्हणजे बिजागरीच्या खाली. तो फळीचा तळ दाबून दार घट्ट मिटतो. पाणी 90 ला पोहोचलं की रेटा नेमका बिजागरीवर येतो. आणखी बोटभर पाणी चढलं की तराजूचं पारडं फिरावं तशी फळी आडवी होते.

मला यातली खरी गंमत वाटते ती ही : जे पाणी दार मिटून धरत होतं, तेच ते उघडतं. पाण्याचा स्वभाव बदलत नाही, रेट्याची जागा तेवढी बिजागरी ओलांडते. तापवलेलं लोखंड सुमारे 770 अंशांना चुंबकाला दाद देईनासं होतं, तिथंही उंबरठा असतो. कारण मात्र वेगळं, अणूंच्या शिस्तीचं.

आडव्या फळीवर पाण्याचा जोर निराळा पडतो, त्यामुळे पातळी 90 च्या बरीच खाली उतरल्यावरच ती पुन्हा उभी राहते.