नजरेने मेंढ्या हाकणारा
आपल्या धनगरवाड्यावरचा कुत्रा मुख्यतः राखण करतो. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरचा बॉर्डर कॉली मेंढ्या हाकतो, तोही बहुतेकदा न भुंकता. मान खाली, अंग चोरून, नजर रोखलेली. ही चाल थेट लांडग्याच्या शिकारीतली. हेरणे, दबा धरणे, पाठलाग हे टप्पे माणसाने निवडक पैदाशीतून जपले. लचका तोडणे मात्र दाबून टाकले. (पुरते नाही. एखादा तरुण कुत्रा मेंढीची लोकर तोंडात धरतोच!) आजच्या बहुतेक कॉलींचा वंश १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेल्या ‘ओल्ड हेम्प’पर्यंत जातो. २०१४च्या एका अभ्यासानुसार मेंढ्या हाकायला दोनच नियम पुरतात : कळप पांगला तर गोळा करायचा, एकवटला की मागून रेटायचा. उजवीकडे, डावीकडे, थांब, एवढे मालक शिट्टीने सांगतो.