लाइट, लगीन आणि लॅपटॉप

सकाळी साडेसहा

रात्री घरी लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावून झोपलो. पहाटे वाऱ्याबरोबर लाइट गेली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी आता नावापुरतीच आहे, तो जागच्या जागी बंद पडला. अर्धवट राहिलेली एमपीफोर फाइल कशातच उघडत नाही. म्हणजे सगळं पहिल्यापासून. पार्टी संध्याकाळी पेनड्राइव्ह न्यायला येणार आहे.

जूनचा पहिला आठवडा आमच्या धंद्याला सगळ्यात अवघड. पेठ गावातल्या दुकानात वर्षभर दाखले, सातबारा, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, लग्नसराईत शूटिंग. एरवी ही दोन कामं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. जूनमध्ये मात्र एप्रिल-मेच्या लग्नांचं एडिटिंग तुंबलेलं असतं आणि दहावी-बारावीची पोरं ॲडमिशनच्या कागदांसाठी दारात उभी असतात. त्यात पहिला पाऊस. उद्या नवा लॅपटॉप घ्यायला नाशिकला जायचंय आणि अजून ठरत नाही: स्क्रीन पूर्ण मागे वळवून पाटीसारखा हातात धरता येणारा टू-इन-वन घ्यावा, की गेमिंगवाला. बऱ्यापैकी मॉडेल घ्यायचं तर दोन्हींकडे पाऊण लाखाच्या आसपास जातात. गेम मी खेळत नाही. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड कमी पैशांत मिळतं ते गेमिंग लॅपटॉपमध्येच, म्हणून व्हिडिओवाले तिकडे वळतात.

भाचा गेमिंगच घ्या म्हणतो. त्याचं कारण मला ठाऊक आहे.

साडेसात

चहा पिऊन मोटारसायकलवर एका पाड्यावर गेलो. वनहक्काचं काम होतं. २००६ च्या कायद्याने १३ डिसेंबर २००५ आधीपासून आदिवासी कसत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, त्यांच्या नावे होऊ शकते. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च चालत गेला, त्यातही हीच मोठी मागणी होती आणि पेठ-सुरगाण्याची माणसं त्यात होती. मार्च संपला, फायली उरल्या. कुणाचं क्षेत्र कमी लागलंय, कुणाची हद्द शेजाऱ्याच्या शेतात घुसलीय. अर्जाला जोडायला लोक नकाशा काढून मागतात.

जमीन कसणारे बाबा पुढे, मी मागे. मोबाइलवर जीपीएस चालू ठेवून कडेकडेने फिरायचं, घरी येऊन तो माग क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्राममध्ये चढवायचा. मध्येच बाबा थांबले. "हे खाचर आमचं, मोहाच्या झाडापर्यंत. पुढचं भावाचं." अशा वेळी टू-इन-वन हवासा वाटतो. स्क्रीनवर उपग्रहाचं चित्र, हातात पेन, बाबा बोट दाखवतील तशी रेघ ओढायची आणि तिथेच त्यांना दाखवायची.

पण बांधावर उभं राहून दीड किलोचा लॅपटॉप एका हाताने किती वेळ धरणार? काचेचा चकचकीत पडदा, ढग जरा बाजूला झाले की त्यात आपलंच तोंड दिसतं. पाण्याचे चार थेंब पडले की टचस्क्रीनला ती बोटं वाटतात आणि नकाशा आपोआप सरकायला लागतो. मी काढलेली उपग्रह-चित्राची प्रिंट बाबांपुढे धरली आणि स्केचपेनने रेघ मारली. कागद भिजतो, पण बंद पडत नाही. शेतातल्या कामाचा निकाल टू-इन-वनच्या बाजूने लागेल असं मी धरून चाललो होतो. तसा तो लागला नाही.

दहा

शटर उघडायच्या आधीच रांग. आज जास्त करून जात वैधतेची पोरं. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा पडताळणी समितीला जास्त पटतो, आणि ज्यांच्या घरात बापच पहिल्यांदा शाळेत गेला त्यांनी तो आणायचा कुठून? कुणी पणजोबाच्या नावाचा जमिनीचा जुना उतारा आणतं, कुणी जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले कागद. ते वाचता येतील असे स्कॅन करायचे आणि साइट मागेल तेवढ्या केबीत बसवायचे, ही खरी कारागिरी. त्याला ना ग्राफिक्स कार्ड लागतं ना टचस्क्रीन. कुठलाही लॅपटॉप चालतो, इंटरनेट तेवढं पाहिजे.

एका गोष्टीत मात्र टू-इन-वन काउंटरवर भाव खाऊन जातो. स्क्रीन तंबूसारखी उलटी करून पोराच्या पुढे ठेवली की तो स्वतःचं नाव स्वतः तपासतो. दाखल्यावर एक काना चुकला तर वैधतेच्या वेळी तोच काना सहा महिने खातो. आता मी नाव मोठ्याने वाचून दाखवतो आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते ऐकू जातं. पण हेच काम गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेला साधा मॉनिटरही करतो. त्यासाठी बिजागरीचे पैसे मोजायची गरज नाही.

साडेअकराला एक मावशी ई-केवायसीला आल्या. हिवाळाभर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत मजुरी केलेली, अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. पुसून, फुंकर घालून, बोटं बदलून पाहिलं. शेवटी मधलं बोट लागलं. हे लिहायचं कारण असं, की फिंगर डिव्हाईसची पिन जुनी, चौकोनी. पातळ टू-इन-वनला कधी दोनच टाइप-सी खिडक्या असतात, मग मध्ये हब लावा. आणि काही टू-इन-वन हल्ली स्नॅपड्रॅगनवर येतात. त्यांची बॅटरी दिवसभर पुरते खरी, पण डिव्हाईसच्या कंपनीने त्यासाठी वेगळा ड्रायव्हर काढलेला नसेल तर अंगठा घेताच येत नाही. दुकानात विकणाऱ्याला हे ठाऊक असतंच असं नाही. माझं जुनं फिंगर डिव्हाईस मी पिशवीत टाकून ठेवलंय, उद्या तिथेच लावून बघणार.

दीड

लाइट गेली. रांग तशीच, पंखा इन्व्हर्टरवर.

डबा खाता खाता मी पावतीच्या मागे हिशेब मांडला. इन्व्हर्टरची बॅटरी १५० एएचची, १२ व्होल्टची: कागदावर १८०० वॅट-तास. सगळी पिळून काढता येत नाही, हाताला अकराशे-साडेअकराशे लागतात. पंख्याला ७५ वॅट, राउटर आणि इंकटँक प्रिंटर मिळून २०. (लेझर प्रिंटर मी इन्व्हर्टरवर लावतच नाही, गरम होताना तो एकदम इतकी वीज ओढतो की इन्व्हर्टर किंचाळतो.) टू-इन-वनचे २० वॅट धरले तर दुकान साधारण दहा तास चालेल. गेमिंग लॅपटॉप भरात चालवला आणि त्याने १८० ओढले तर चार तास. तोही स्वतःच्या बॅटरीवर फार टिकत नाही. विमानात न्यायच्या नियमामुळे लॅपटॉपची बॅटरी शंभर वॅट-तासांच्या वर कुणी सहसा देत नाही, आणि कार्ड जोरात असेल तर ती तासाभरात संपते. शिवाय चार्जर काढला की कार्डाचा जोरही उतरतो.

इथवर टू-इन-वन जिंकला. मग डोक्यात आलं, की कार्ड जोरात चालवायची वेळ येते कधी? लग्नसराईत. आणि लाइट जास्त जाते कधी? पावसात. आमचा तालुका जिल्ह्यात धो-धो पावसासाठी ओळखला जातो. वाऱ्याने तारा भिडतात, फांदी पडते, डीपी उडते. पण पावसाळ्यात माझं काम फॉर्मांचं. फॉर्म भरताना गेमिंग लॅपटॉपही अंतर्गत ग्राफिक्सवर थोडक्या विजेत चालतो, फक्त सेटिंगमध्ये कार्ड झोपवून ठेवायला हवं. काही मॉडेलं तर टाइप-सीच्या शंभर वॅटच्या छोट्या चार्जरवरही चालतात, मोठी वीट घेऊन फिरायला नको. मेमधला वळीव आणि हा तुंबलेला जून एवढाच काय तो खरा जाच. दहा तास विरुद्ध चार तास हा माझा हिशेब बरोबर होता, पण दोन वेगळ्या ऋतूंची कामं त्यात मी एका दिवसात कोंबली होती.

चार

लाइट आली. गर्दी ओसरल्यावर शेजारचा मोबाइल रिपेअरवाला येऊन बसला. त्याला विचारलं तर तो लगेच म्हणाला, "भाऊ, जे वळतं ते मोडतं."

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर लेनोवोने योगा आणला, तेव्हापासून ही ३६० अंशांची बिजागरी सगळीकडे झाली. बिजागरी चांगली असतेही, पण तिच्यातून स्क्रीनची पट्टी-केबल जाते, आणि स्क्रीन-टच-काच एकच जोड असते. एक गेलं की सगळं बदला. पेठेत हा पार्ट मिळणार नाही. म्हणजे सावळघाट चढून पन्नासेक किलोमीटरवर नाशिक, तिथेही 'ठेवून जा, कळवतो'. तेवढे दिवस दुकान कशावर चालवायचं? दुसरं म्हणजे रॅम. बहुतेक टू-इन-वनमध्ये ती बोर्डालाच डाखलेली. आज १६ जीबी घेतली तर मरेपर्यंत १६. गेमिंगवाल्यात बहुधा दोन खाचा रॅमला, दोन एसएसडीला. मागचं झाकण उघडायचं आणि वाढवायची.

त्याचाही तोटा आहेच. मोठे पंखे, मोठी जाळी. आमच्या रस्त्यावरची धूळ आणि झेरॉक्सची काळी पूड दोन्ही आत जाणार. वर्षातून एकदा तरी उघडून साफ करावा लागेल. पण ते काम समोरच्या स्टुलावर बसलेल्या माणसाला जमतं.

सात

पार्टी आली. नवरीचे काका. व्हिडिओ झालेला नाही म्हटल्यावर चहा मागवला आणि उद्या रात्रीचा वायदा केला. जेवढं झालं होतं तेवढं दाखवलं. काका म्हणाले, "शालू लाल होता, हा गुलाबी कसा दिसतोय?"

रंग ही गेमिंग लॅपटॉपचीही दुखरी जागा. स्वस्तातल्या मॉडेलांना स्क्रीन १४४ हर्ट्झची देतात, ती सरसर पळते, पण रंग अर्धेमुर्धेच दाखवते. पेटीवर ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं दिसलं की समजावं, हळद आणि शालू दोन्ही फिके दिसणार. टू-इन-वनला याच किमतीत पुष्कळदा सरस स्क्रीन असते. म्हणून गेमिंग घ्यायचाच तर शंभर टक्के एसआरजीबीची स्क्रीन असलेला, किंवा मग बाहेरचा चांगला मॉनिटर. काउंटरवर गिऱ्हाइकाकडे वळवायला मॉनिटर लागणारच होता. तोच रात्री आपल्याकडे वळवायचा.

साडेआठ

जेवून पुन्हा दुकानात. लग्नाचं एक्सपोर्ट लावण्याआधी बोहाड्याची फाइल उघडली. आमच्या भागात उन्हाळ्यात गावोगावी बोहाडा होतो, कुठे त्याला भवाडा म्हणतात. रात्रभर संबळ-सनईवर देवांची आणि राक्षसांची लाकडी सोंगं नाचतात, जागर पहाटेपर्यंत. उजेड कमी, मुखवटे गडद. कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवावा लागतो आणि चित्रभर वाळू पसरल्यासारखे दाणे येतात. ते दाणे काढायचे, चौकटीमागून चौकट, तेव्हा लॅपटॉपचा कस लागतो.

साधं जोडकाम करून एक्सपोर्ट मारायला हल्लीचा चांगला टू-इन-वनही पुरतो, इंटेलच्या चिपमध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा भाग असतोच. पण डाविंची रिझॉल्व्हमध्ये फोरकेवर दाणे काढायला आणि रंग जुळवायला बसलं की सगळा भार कार्डावर येतो. चार जीबीच्या कार्डावर मेमरी संपल्याची पाटी येते आणि काम थांबतं. सहा जीबी तरी हवी, आठ असेल तर निवांत. पातळ टू-इन-वनमध्ये एक तर असलं कार्ड नसतंच, असलं तरी एवढ्याशा पेटीत ते तापतं आणि हळू होतं. आजच्या दिवसात जिथे दुसरा कसलाही इलाज सापडला नाही अशी ही एकच जागा. शेतात कागद चालला, काउंटरवर मॉनिटर चालेल, पावसाळ्यात कार्ड झोपवता येईल. दाणे मात्र कार्डावाचून निघत नाहीत.

दहा

ठरलं. गेमिंगवाला, पण भडक दिव्यांचा नको: सहा जीबीचं कार्ड, रॅमच्या दोन खाचा, टाइप-सीवर चार्ज होणारा, रंग नीट दाखवणारा. उरलेल्या पैशांत मॉनिटर. भाच्याला दुकानात गेम टाकायला बंदी.

दाखल्यांचंच केंद्र चालवणाऱ्याने, शिक्षकाने किंवा गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्याने माझं ऐकू नये. त्यांनी खुशाल टू-इन-वन घ्यावा, हलका पडेल आणि लाइट गेली तरी पुरेल. कुठलाही घ्या, दुकानातल्या स्क्रीनवर चालणाऱ्या समुद्राच्या आणि फुलपाखरांच्या व्हिडिओवर जाऊ नका. आपली सगळ्यात जड फाइल पेनड्राइव्हवर न्या, आपलं डिव्हाईस न्या, आणि चार्जर काढून अर्धा तास चालवायला लावा. जो दुकानदार नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.