मॅरेथॉनआधीचे दोन आठवडे

१९८३ पासून होत आलेल्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमध्ये पहिल्यांदाच ४२.१९५ किलोमीटर धावणार असाल, तर शेवटचे दोन आठवडे सरावाचं अंतर निम्म्यावर आणा. अनेकांना वाटतं, सराव घटला की कमावलेला दम जाईल. स्पर्धक खेळाडूंवरच्या अभ्यासांचा २००७ मधला एकत्रित आढावा उलटं सांगतो: दोन आठवडे अंतर ४१ ते ६० टक्के घटवून वेग आणि धावण्याचे दिवस तेवढेच ठेवले, तर कामगिरी सर्वाधिक सुधारते. दम इतक्यात ओसरत नाही. थकवा मात्र उतरतो, स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा भरतो. मग अंथरुणातच पडून राहायचं का? मुळीच नाही, छोट्या धावा हव्यातच. पण शेवटच्या रविवारी पाय तपासायला आतकरवाडीतून सिंहगड चढू नका; उतरताना मांड्या भरून येतात, ते दुखणं दोन-तीन दिवस रेंगाळतं. गड नंतर चढा.