विजेची गाडी आणि तिची निगा

विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीची विक्री करणारा मनुष्य गिऱ्हाइकाला पहिल्या पांच मिनिटांत एक वाक्य हटकून ऐकवितो : “या गाडीला देखभाल अशी कांहीं लागतच नाहीं.” हें वाक्य साफ खोटें नाहीं, पण तें अर्धेंच आहे. राहिलेला अर्धा भाग असा कीं, जी थोडीशी देखभाल लागते, ती वाटेल त्या गॅरेजांत होत नाहीं. हा दुसरा अर्धा भाग गिऱ्हाइकाला बहुधा पहिल्या बिघाडाच्या वेळीं समजतो, आणि तोंवर गाडीचे पैसे चुकते झालेले असतात.

पहिला अर्धा भाग कितपत खरा, तें आधीं पाहिलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत दर मिनिटाला हजारों स्फोट होत असतात. त्यांची उष्णता, काजळी आणि घर्षण यांपासून इंजिन जपावयाचें म्हणून तेल बदला, गाळणी बदला, प्लग साफ करा, पट्टा झिजला कीं काय तें पाहा, असा क्रम जन्मभर चालतो. विजेच्या मोटरमध्यें फिरणारा भाग मुख्यतः एकच. तिला इंजिन-तेल नाहीं, प्लग नाहीं, क्लच नाहीं, धूर सोडणारी नळी नाहीं. ब्रेकसुद्धां कमी झिजतात. कारण पाय उचलला कीं मोटरच उलट वीज निर्माण करूं लागते आणि त्या कामांत गाडीचा वेग आपोआप ओसरतो. टायर मात्र लवकर झिजण्याचा संभव असतो. मध्यम आकाराच्या गाडींत एकट्या बॅटरीचें वजन तीनशें किलोंच्या आसपास भरतें, मोठ्या गाडींत तें पांचशेंच्याही वर जातें, आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून चाकांवर येतो. कोंकणासारख्या पावसाळी प्रदेशांत ब्रेक फार वापरले न गेल्यामुळें गंजण्याची भीति असते, ही एक गंमतच म्हणावयाची. याशिवाय ब्रेकचें तेल, आंत येणारी हवा गाळणारी जाळी, कांच पुसणारे वायपर, बॅटरी गार ठेवणारें कूलंट आणि दिव्यांकरितां असलेली बारा व्होल्टची लहान बॅटरी, एवढ्याकडे वेळच्या वेळीं पाहिलें कीं नेहमींची देखभाल संपली.

ही यादी वाचून कोणालाही वाटेल कीं, यांत कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला न जमण्यासारखें काय आहे? पुष्कळसें त्याला जमतेंच. अडचण आहे ती गाडीच्या पोटांतील विजेच्या दाबाची. घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. आजच्या बहुतेक विजेच्या गाड्यांतील बॅटरीचा दाब तीनशें ते चारशें व्होल्टपर्यंत असतो आणि कांहीं नव्या गाड्यांत तो आठशेंच्या घरांत गेला आहे. शिवाय हा प्रवाह एकाच दिशेनें वाहणारा. हा दाब वाहून नेणाऱ्या तारांना जगभर नारिंगी रंगाचें वेष्टण देतात, तें केवळ शोभेसाठीं नव्हे. त्या तारांना हात लावण्यापूर्वीं शिकलेला कारागीर गाडी बंद करतो, लहान बॅटरीची तार सोडवितो, मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारी खीळ काढून स्वतःजवळ ठेवतो आणि मग कांहीं मिनिटें नुसता थांबतो. थांबण्याचें कारण असें कीं, प्रवाह तोडला तरी कपॅसिटरमध्यें सांठलेली वीज ओसरण्यास वेळ लागतो. त्यानंतर मीटर लावून दाब शून्यावर आल्याची खात्री करून घेतली म्हणजे काम सुरू होतें. हातांत हजार व्होल्टपर्यंत टिकणारे रबरी मोजे असतात, आणि ते घालण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं त्यांत हवा कोंडून कोठें भोंक पडलें नाहीं ना, तें पाहावें लागतें. ज्याला ही शिस्त कोणी शिकविली नाहीं, त्याच्या हातीं ही गाडी देणें म्हणजे गाडीपेक्षां त्या मनुष्याच्याच जिवाशीं खेळ आहे.

धोका नेहमीं एवढा उघड नसतो. गाडींतील हवा गार करणाऱ्या यंत्राचेंच उदाहरण घ्यावें. उन्हाळ्याच्या तोंडाशीं गार हवा कमी झाली म्हणजे लोक सवयीप्रमाणें जवळच्या दुकानांत जाऊन वायु भरून घेतात. पेट्रोलच्या गाडींत त्या यंत्राचा कॉम्प्रेसर पट्ट्यानें फिरतो. विजेच्या गाडींत तो मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबावर चालतो, आणि त्याच्या मोटरचीं वेटोळीं वायूंत व तेलांत बुडालेलीं असतात. म्हणून तें तेल वीज न वाहूं देणाऱ्या जातीचेंच असावें लागतें. जुन्या गाड्यांत चालणारें नेहमींचें तेल ओलावा धरून ठेवतें आणि वीज अडवून धरण्यास कमी पडतें. दुकानदारानें वायूबरोबर तें तेल भरलें, किंवा अगोदर दुसऱ्या गाडीला लावलेली नळी तशीच या गाडीला लावली, तर त्याचा थोडासा अंशही वेटोळ्यांचें विद्युत्-रोधन खालावूं शकतो. मग गाडींतील पहारेकरी यंत्रणेला वीज गळत असल्याचा संशय येतो आणि ती इशारा देते; कांहीं गाड्या तर चालूच होत नाहींत. दुकानदाराचा हेतु चांगला, गिऱ्हाइकाचे कांहीं रुपये वांचलेले, आणि अखेर कॉम्प्रेसर बदलण्याचा प्रसंग! कूलंटचेंही तसेंच आहे. कांहीं गाड्यांना वीज फार थोडी वाहूं देणारें विशिष्ट कूलंटच चालतें. बाहेरून पाहणाराला दोन्हीं द्रव रंगीत पाणीच दिसतात.

भारतांत विजेच्या गाडीचा इतिहास इतक्या जोखमीनें सुरू झाला नव्हता. बंगलोरची ‘रेवा’ ही दोन दारांची चिमुकली गाडी २००१ सालीं बाजारांत आली. तिच्यांत शिशाच्या आठ बॅटऱ्या असत, प्रत्येक सहा व्होल्टची. मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. त्यांत वेळोवेळीं शुद्ध केलेलें पाणी घालावें लागे, म्हणजे देखभाल आजच्या गाडीपेक्षां अधिकच होती. पण ज्या मिस्त्रीनें ट्रकची बॅटरी हाताळली होती त्याला तिची ओळख पटत असे. पुढें लिथियमची बॅटरी आली, पल्ला वाढला, पाणी घालण्याचें काम संपलें. आणि त्याचबरोबर ती ओळखही संपली.

म्हणून विजेची गाडी घेणाऱ्यानें गाडी पाहण्याआधीं वर्कशॉप पाहावें, आणि विकण्याची जागा व दुरुस्तीची जागा यांतला भेद ध्यानांत ठेवावा. जिल्ह्याच्या गांवीं कांचांचें सुंदर दुकान असतें, शेजारीं टायर बदलण्याची आणि धुण्यापुसण्याची सोय असते. परंतु बॅटरी गाडीखालून उतरविण्याचें काम तेथें होईलच असें नाहीं. त्यासाठीं वजन पेलणारें उचलयंत्र, वीज न वाहणारीं हत्यारें आणि शिकलेलीं माणसें लागतात, व तीं प्रत्येक ठिकाणीं ठेवणें कंपनीला परवडत नाहीं. समजा, रत्नागिरीच्या एका मालकाची गाडी बिघडली आणि तें काम करणारें सर्वांत जवळचें वर्कशॉप कोल्हापुरास निघालें. गाडी दोरीनें ओढून नेतां येत नाहीं, कारण चाकें फिरलीं कीं मोटरही फिरते आणि वीज निर्माण होऊन आंतील यंत्रणेला इजा पोंचण्याचा संभव असतो. तेव्हां सबंध गाडी सपाट ट्रकवर चढवून आंबा घाटानें सव्वाशें किलोमीटरांहून अधिक न्यावी लागते. त्या ट्रकचें भाडें कोण देणार, किती किलोमीटरांपर्यंत देणार, आणि गाडी पंधरा दिवस तेथें अडकली तर मालकानें दवाखान्यांत किंवा कचेरींत कशानें जावें, हे प्रश्न घाटांत उभें राहून विचारण्याचे नव्हेत.

ते विक्रेत्याला आधींच विचारावेत. तेही विक्री करणाऱ्या तरुणाला नव्हे, तर वर्कशॉपच्या प्रमुखाला. उच्च दाबाचें शिक्षण घेतलेले कारागीर येथें किती आहेत आणि ते येथेंच असतात कीं आठवड्यांतून एकदां दुसऱ्या गांवाहून येतात? बॅटरी येथें उतरते काय? न उतरल्यास कोठें धाडतां, आणि मागच्या वेळीं धाडलेली किती दिवसांनीं परत आली? हा शेवटचा प्रश्न विशेष उपयोगी आहे. ‘किती दिवस लागतील’ याचें उत्तर नेहमीं गोड मिळतें; ‘किती दिवस लागले’ याचें उत्तर देण्यासाठीं वही उघडावी लागते. बोलतां बोलतां भिंतीकडेही नजर टाकावी. जेथें हें काम खरोखर होतें, तेथें विजेच्या गाडीसाठीं दोरी किंवा कठडा लावून वेगळी जागा राखलेली दिसते, आणि भिंतीवर एक लांब दांड्याचा, वीज न वाहणारा आंकडा टांगलेला असतो. कामकऱ्याला विजेनें धरलें तर त्याला ओढून काढण्यासाठीं तो असतो. आंकडा असला म्हणजे वर्कशॉप उत्तमच, असें नाहीं. पण तो कशासाठीं आहे हें तेथील कोणालाच सांगतां आलें नाहीं, तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाहीं.

अधिकृत विक्रेत्याचा खर्च थोडा अधिक येतो, ही तक्रार खरी आहे. तरी बॅटरीची हमी चालू असेपर्यंत त्याच्याकडील नोंद मोलाची ठरते. ही हमी सामान्यतः आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तेथवर असते. पण ‘बॅटरी बिघडली’ म्हणजे काय, याची व्याख्या हमीपत्रांत बारीक अक्षरांत दिलेली असते. धारणशक्ति हळूहळू घटणें हा सर्वच बॅटऱ्यांचा धर्म आहे. ती किती टक्क्यांच्या खालीं गेली म्हणजे कंपनी जबाबदार, हा आंकडा पाहून घ्यावा. अमेरिकेंत यावरून एक मोठें प्रकरण झालें. निस्सान कंपनीची ‘लीफ’ ही गाडी २०१० च्या डिसेंबरांत विक्रीस आली. तिच्या बॅटरीला द्रवानें गार करण्याची सोय नव्हती. अॅरिझोना संस्थानांतील कडक उन्हांत २०१२ सालीं कित्येक मालकांच्या गाडीवरील धारणशक्ति दाखविणाऱ्या बारा रेघा एकेक करून मावळूं लागल्या, आणि मूळ हमींत या घटीची सोयच नव्हती. पुष्कळ ओरड झाल्यावर कंपनीनें अशी हमी जाहीर केली कीं, पांच वर्षें किंवा ६०,००० मैल यांच्या आंत रेघा नऊच्या खालीं गेल्यास बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून दिली जाईल. विदर्भांतील उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीचें महत्त्व सांगावयास नको. दर वर्षाच्या तपासणींत बॅटरीच्या धारणशक्तीचा लेखी अहवाल मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. जुनी गाडी विकतांनाही तोच कागद किंमत ठरवितो.

आणि विक्रेताच नाहींसा झाला तर? हें केवळ कल्पनेंतलें संकट नव्हे. अमेरिकेंतील फिस्कर ही कंपनी २०२४ च्या जूनमध्यें दिवाळखोरींत गेली, तेव्हां तिची ‘ओशन’ नांवाची गाडी घेतलेले हजारों मालक उघड्यावर पडले. सुटे भाग मिळेनात. गाडीच्या कित्येक सोयी कंपनीच्या दूरच्या संगणकांवर अवलंबून होत्या. ते बंद पडले तर काय, ही चिंता वेगळीच. मालकांनीं आपला संघ काढला आणि एकमेकांच्या साहाय्यानें भाग व माहिती मिळविण्याचा उद्योग आरंभिला. पेट्रोलच्या गाडीची कंपनी बुडाली तरी मिस्त्री तिला दहा वर्षें ओढतो. येथें मिस्त्रीजवळ हत्यारें असूनही संगणकाची किल्ली नसली, तर गाडी बोलत नाहीं.

ती किल्ली कोणाची, हा वाद हिंदुस्थानांतही झालेला आहे. सुटे भाग आणि दोष शोधण्याचीं यंत्रें खुल्या बाजारांत मिळूं न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानें २०१४ च्या ऑगस्टमध्यें चौदा मोटार-कंपन्यांना मिळून सुमारें २,५४५ कोटि रुपये दंड ठोठावला. पुढें त्यावर अपिलें झालीं, तो भाग निराळा. २०२२ सालीं केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानें ‘दुरुस्तीच्या हक्का’संबंधीं समिति नेमली आणि तिच्या विषयांत मोटारगाड्याही घातल्या. कंपन्यांचें म्हणणें असें कीं, न शिकलेल्याच्या हातीं किल्ली दिल्यास अपघात होतील. त्यांत तथ्य आहे, हें वरील रबरी मोज्यांच्या वर्णनावरून दिसतेंच. परंतु त्यावरचा उपाय शिकविणें हा आहे, दार लावून घेणें हा नव्हे. आणि दार लावलेलें असतांना आंतल्याला मनमानी दर लावतां येतो, हेंही खरें.

दरम्यान कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला अगदींच सोडून देण्याचें कारण नाहीं. विजेची गाडी एखाद्या सकाळीं निपचित पडलेली आढळते. दार उघडत नाहीं, पडदा उजळत नाहीं, आणि मालकाला वाटतें कीं, लाखों रुपयांची बॅटरी गेली. पुष्कळ वेळां ती बॅटरी भरलेलीच असते. मरण पावलेली असते ती बारा व्होल्टची लहान बॅटरी, कारण मोठ्या बॅटरीचीं दारें उघडण्याचें काम तिच्याकडे असतें. ही बॅटरी बहुतेक गाड्यांत साधी, बाजारांत मिळणारी असते, आणि ती बदलण्यास नारिंगी तारेजवळ जावें लागत नाहीं. कांहीं गाड्यांत मात्र नवी बॅटरी बसविल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकांत करावी लागते. आपली गाडी त्यांपैकीं आहे काय, एवढें विक्रेत्याला विचारून पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें.