'इंडेन्चर' : शब्दार्थ आणि व्युत्पत्ती

जुन्या इंग्रजी खरेदीखतांचा व भाडेपट्ट्यांचा आरंभ बहुधा 'धिस इंडेन्चर' या शब्दांनी होतो. इंडेन्चर म्हणजे दोन वा अधिक पक्षांमधील करारपत्र. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील 'डेन्स' म्हणजे 'दात' या शब्दात आहे. करार आणि दात यांचा संबंध समजण्यासाठी मध्ययुगीन इंग्लंडमधील दस्तलेखनाची पद्धत पाहावी लागते.

तेथे एकाच चर्मपत्रावर कराराचा मजकूर दोनदा लिहीत. मधल्या जागेत मोठी अक्षरे काढून त्यांवरूनच ते दातेरी रेषेत कापीत. एकेक भाग प्रत्येक पक्षाकडे राही. वाद उद्भवल्यास दोन्ही भाग जुळवून पाहत. दाते जुळले नाहीत तर दस्ताविषयी संशय येई. एकाच पक्षाने करून दिलेल्या दस्ताची कड मात्र सरळ कापीत. त्यास 'डीड पोल' म्हणतात. इंग्लंडमध्ये १८४५ च्या कायद्याने दातेरी कडेची आवश्यकता संपली; नाव तेवढे उरले.

पुरावा दोन्ही पक्षांच्या हाती सारखाच असावा, हे या पद्धतीमागील तत्त्व होय. १८३४ पासून मॉरिशस व पुढे अन्य वसाहतींत नेलेल्या भारतीय मजुरांच्या करारांनाही हेच नाव मिळाले. त्या मजुरांत मराठी भाषकही होते. करारावर निशाणी करणाऱ्या अनेकांना मजकूर वाचता येत नसे. काम सोडल्यास मात्र तुरुंगवास भोगावा लागे. नाव समानतेचे आणि व्यवहार विषमतेचा, अशी ही स्थिती होती. ही मजूरभरती १९१७ मध्ये थांबली.

तात्पर्य, सही करण्यापूर्वी मजकूर समजून घेणे आणि आपली प्रत आपल्याजवळ ठेवणे, हाच या शब्दाचा खरा अर्थ आहे.