अंड्याच्या ट्रेमधलं अर्धं अक्षर

आषाढातली गोष्ट. बाहेर लालबागला धुऊन काढणारा पाऊस, आणि मी चाळीच्या गॅलरीत अंड्यांचा रिकामा ट्रे फाडत बसलो होतो. तीस खळगे, करडा रंग, हाताला खरखरीत. एका खळग्याच्या कडेला काळा ठिपका दिसला. चष्मा पुसून पाहिलं तर तो ठिपका नव्हता, ‘क्ष’चा खालचा अर्धा भाग होता. परीक्षेतला, साक्षीतला की एखाद्या पक्षातला, कोण जाणे. कधीतरी कुणीतरी सकाळच्या चहाबरोबर वाचलेला, मग रद्दीवाल्याच्या काट्यावर चढलेला, भिजलेला, घुसळलेला हा ‘क्ष’ अंडी सांभाळत पुन्हा लालबागला आला होता.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची चटई. गिरणगावात सेल्युलोज कोणाला समजावून सांगायची गरज नाही, नाव फक्त नवं आहे. माझे आजोबा गिरणीच्या साळखात्यातून घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर जे पांढरं बसलेलं असायचं, ते तेच. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातला बराचसा कागद जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासूनच होत असे. १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर नावाच्या माणसाने लाकूड घासून लगदा करायची युक्ती काढली आणि कागद स्वस्त झाला. त्या लाकडातलं लिग्निन वर्तमानपत्राच्या कागदात अजूनही उरतं. माळ्यावरचे जुने अंक पिवळे पडतात ते त्याच्यामुळे. आपल्या नोटा मात्र आजही कापसाच्याच, म्हणून त्या खिशात धुतल्या गेल्या तरी तग धरतात.

आता खरी गंमत. वर्तमानपत्राच्या कागदातले हे तंतू एकमेकांना धरून असतात ते मुख्यतः गोंदाने नव्हे. ओला लगदा वाळताना शेजारशेजारच्या तंतूंमधले हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना हलकेच ओढून धरतात. एकेक ओढ अगदी दुबळी, पण अशा अगणित ओढी एकवटल्या की त्या कागदात दोन किलो कांदे बांधता येतात. पाणी शिरलं की ते या जोडीदारांच्या मधे जाऊन बसतं आणि पकड सुटते. दारात पडलेला पेपर पावसाने भिजला की उचलताना हातात लोंबतो, तेव्हा हेच घडत असतं. पाण्याने बांधलेली वस्तू पाण्यानेच सुटते, आणि वाळली की पुन्हा बांधली जाते.

रद्दीचा सगळा धंदा या एका गुणावर उभा आहे. रद्दीवाल्याकडून गोदामात आणि तिथून कागद गिरणीत, वापीच्या बाजूला तर अशा गिरण्यांची रांगच आहे. तिथे रद्दी पाण्याबरोबर एका प्रचंड मिक्सरमध्ये फिरते आणि तिचं पिठलं होतं. पांढरा कागद हवा असेल तर शाई काढावी लागते. त्यासाठी लगद्यात साबणासारखं रसायन घालून खालून हवा सोडतात. शाईचे कण पाण्याला लाजतात आणि बुडबुड्यांना चिकटतात. वर काळा फेस येतो, तो काढून टाकायचा. आमटीवरचा फेस काढावा तसा. छापील कागदावरची शाई धुऊन पुन्हा कागद करण्याची पद्धत युस्टुस क्लाप्रोट या जर्मन कायदेपंडिताने १७७४ मध्येच छापून प्रसिद्ध केली होती. हे काम एखाद्या वकिलाला सुचावं यात मला काही नवल वाटत नाही. कागदांच्या ढिगाखाली दबलेला माणूस तो.

पण दर फेरीत तंतू तुटतात, आखूड होतात, वाळून वाळून ताठर होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांच्यात एकमेकांना धरून ठेवायचं बळ उरत नाही. म्हणून कागद प्रत्येक जन्मात एकेक पायरी उतरतो. लिहायचा कागद, मग वर्तमानपत्र, मग खोक्याचा पुठ्ठा आणि शेवटी अंड्यांचा ट्रे. ट्रेसाठी शाई काढायचे कष्टही कोणी घेत नाही. जाळीच्या साच्यावर पातळ लगदा ओढून घ्यायचा, पाणी शोषून काढायचं आणि वाळवायचं. म्हणून तर माझा ‘क्ष’ वाचला.

ट्रेनंतर काय? माती. इथे आणखी एक आश्चर्य आहे आणि ते दादर स्टेशनबाहेर कोणालाही हातात धरता येतं. तिथेच १९६६ च्या सुमारास वडापाव जन्मला असं सांगतात. त्यातला पाव म्हणजे स्टार्च आणि भोवतीचा कागद म्हणजे सेल्युलोज. दोन्ही एकाच साखरेच्या, ग्लुकोजच्या, माळा. फरक फक्त मणी ओवण्याच्या पद्धतीत, सेल्युलोजमध्ये एकाआड एक मणी उलटा. तेवढ्या उलटेपणामुळे पाव पचतो आणि कागद पचत नाही. (छापील कागदात खाणं बांधू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये पुन्हा बजावलं, ते शाईमुळे.) गाईच्या पोटातल्या जिवाणूंना मात्र ती उलटी गाठ सोडवता येते. गिरगावात भिंतीवरचं पोस्टर चघळणारी गाय वेडी नसते. तिच्या लेखी तो चारा असतो. वाळवीचं तसंच. आणि ओल्या अंधारात वाढणाऱ्या बुरशीचंही तसंच.

या बुरशीला आणि जिवाणूंना घरी बोलवायचं तर एक हिशोब सांभाळावा लागतो. त्यांना कार्बनच्या पंचवीस-तीस भागांना नायट्रोजनचा एक भाग लागतो. भाजीच्या देठांत आणि सालींत कार्बन बराच कमी, वर पाणी फार. म्हणून नुसता ओला कचरा कुजून घाण मारतो. कागदात उलट कार्बन शेकडोपट आणि नायट्रोजन जवळजवळ नाहीच. म्हणून नुसता कागद वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो. दोघांना एकत्र आणलं की जमतं.

माझी सोय साधी आहे. रंगाची जुनी बादली, तिला बाजूने आणि तळाला भोकं, खाली ताटली. मूठभर जुनं खत विरजण म्हणून. रोजच्या ओल्या कचऱ्यावर फाडलेल्या कागदाची एक मूठ, आणि आठवड्यातून दोनदा कालथ्यासारख्या काठीने ढवळणं. वास आला तर कागद वाढवायचा, कोरडं पडलं तर पाण्याचा हबका. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. चाळीत गॅलरी सगळ्यांची असते, त्यामुळे वासाच्या बाबतीत माझी परीक्षा शेजारच्या काकू घेतात.

पण बादली भरायला चांगली रद्दी फाडू नका. कोरड्या वर्तमानपत्राचे अजून चार जन्म शिल्लक आहेत, ते रद्दीवाल्याचं. बादलीत जावं ते दमलेलं किंवा विटाळलेलं. ट्रे, टिश्यू, पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ, भज्यांखालचा साधा कागद. तेल तंतूंना चिकटून बसतं आणि नव्या कागदावर डाग पाडतं, पण बुरशीला थोडं तेल चालतं. सोनेरी लग्नपत्रिका आणि चकचकीत पानं मी बादलीत घालत नाही. चहाचा कागदी कप रात्रभर पाण्यात ठेवून पाहा. सकाळी आतून प्लास्टिकचं पातळ कातडं सुटून येईल. दुकानातल्या बिलावर नख ओढा. काळी रेघ उमटली तर तो उष्णतेने छापणारा, रसायन चोपडलेला कागद. तो रद्दीतही नको, खतातही नको.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही कचरे एकाच पिशवीत. भाजीच्या पाण्याने भिजलेली रद्दी कोणी घेत नाही. ती गाडीतून कचराभूमीवर जाते, हवा न लागता ढिगाखाली सडते आणि मिथेन सोडते. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला साठत आला आहे. त्यातून कागद वेगळा काढण्याचं काम वर्षानुवर्षं कचरावेचक बायकांनीच केलं. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या, दादरला कार्यालय असलेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ या उपक्रमातून त्यांना संघटित केलं, खत करायचं शिक्षणही दिलं. संघटनेच्या ज्योती म्हापसेकर पेशाने ग्रंथपाल. कागदाचा पहिला जन्म आणि शेवटचा जन्म, दोन्हींची काळजी वाहिलेलं असं दुसरं माणूस मला माहीत नाही.

तो ‘क्ष’ असलेला ट्रे मी त्याच दिवशी बादलीत टाकला. दिवाळीच्या साफसफाईला बादली उपसली, चाळणीने चाळली. शाईतली काजळी कुठेतरी कणाकणाने मिसळलेली असणार, ती कुजत नाही. पण अक्षर सापडलं नाही, ट्रेचा तुकडाही नाही. अंड्यांची टरफलं मात्र जशीच्या तशी निघाली. पुढच्या वेळी ती कुटून घालणार आहे.