खुराकाचा पैलवान हरतो तेव्हा

जत्रा-यात्रांचा हंगाम आला की गावोगावी कुस्त्यांचे फड भरतात. हलगी कडाडते, फेटे उडतात, नारळावरच्या कुस्तीपासून लाखाच्या इनामापर्यंत जोडी लागतात. निकाली कुस्ती झाली की आपण उभे राहून टाळ्या वाजवतो. पण वाचकहो, त्या दोन पोरांपैकी एकाच्या अंगात घरचं दूध-तूप आहे आणि दुसऱ्याच्या अंगात इंजेक्शन आहे, असं असेल तर? ते ना पंचाला कळतं, ना आपल्याला. गावच्या फडात तशी तपासणीच नसते.

हा विषय फक्त ऑलिम्पिकवाल्यांचा आहे, असं समजू नका. तो आपल्या तालमीच्या दारात येऊन उभा आहे.

दोन प्रकारची औषधं

पहिला प्रकार स्टिरॉइडचा. पुरुषाच्या शरीरात जे संप्रेरक मुळातच तयार होतं, त्याची ही कारखान्यात केलेली नक्कल. त्याने स्नायू भरतात आणि मेहनतीचा शिणवटा लवकर जातो. १९८८ साली सोल ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर जिंकलेल्या कॅनडाच्या बेन जॉन्सनचं सुवर्णपदक काढून घेतलं, ते याच जातीच्या औषधामुळे.

दुसरा प्रकार मेफेन्टरमाइनच्या इंजेक्शनचा. ऑपरेशनच्या वेळी कमरेत भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब उतरतो, तो वर आणायला डॉक्टर हे औषध वापरतात. जिमच्या पोरांना ते चोरून विकणाऱ्यांना राज्यात पकडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या आहेत. याने स्नायूचा एक धागाही वाढत नाही. थकवा फक्त लपतो. काळजाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, अन् शरीर 'थांब' म्हणत असताना पोरगं पळत राहतं. पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणाऱ्या पोरांनीही हे नीट ध्यानात ठेवावं.

मेहनतीवर मात

'औषध घेतलं तरी मेहनत करावीच लागते की,' असं काही जण म्हणतात. याचं उत्तर १९९६ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाने दिलं. डॉ. शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांवर दहा आठवडे तो केला. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून वजन साधारण २ किलो वाढलं. व्यायाम न करता संप्रेरकाची इंजेक्शनं घेणाऱ्यांचं ३ किलोच्या वर वाढलं. आणि दोन्ही करणाऱ्यांचं ६ किलो!

म्हणजे बघा, घाम गाळणाऱ्यापेक्षा बसून सुई टोचून घेणारा पुढे गेला. मग पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणाऱ्या, घरची म्हैस ज्याच्या नावाने बांधली आहे त्या पोराने करायचं काय?

त्याचं नुकसान हरण्यापुरतं नसतं. औषधावरचा पैलवान दोन वेळा जोरदार मेहनत करूनही सकाळी ताजातवाना दिसतो. साध्या खुराकावरचा पोरगा त्याच्या बरोबरीने लढायला जातो अन् अंगावर दुखणं घेतो. वस्तादाला वाटतं, पोरगं कामचुकार आहे. बापाला वाटतं, खुराक वाया गेला. पोराला वाटतं, आपल्यातच दम नाही. मग एक तर तो लंगोट खुंटीला टांगतो, नाही तर सुई हातात घेतो. एका लबाडाने तालीम बिघडते ती अशी.

सुईची किंमत

बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं बंद करतं. वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात, कुणाची छाती बाईसारखी वाढते. औषध थांबवल्यावर शरीर रुळावर यायला महिनोन् महिने जातात. काळीज आणि यकृत यांच्यावर ताण पडतो तो वेगळाच. मुलींचा आवाज घोगरा झाला तर तो पुन्हा पूर्वीसारखा होईलच असं नाही. एकच सुई चौघांनी वापरली तर काविळीचा आणि एचआयव्हीचा धोका आहेच.

शिवाय फडात चालून गेलं ते पुढे चालत नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव २०१६ साली रिओ ऑलिम्पिकला निघाले होते. त्यांच्या तपासणीत मेथँडिएनोन हे स्टिरॉइड सापडलं. आपल्याविरुद्ध कट झाला, असं त्यांनी सांगितलं. देशातल्या समितीने त्यांना मोकळंही केलं. पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते मानलं नाही अन् चार वर्षांची बंदी घातली. नियमच असा आहे, की अंगात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची. 'मला ठाऊक नव्हतं' एवढ्यावर सुटका नाही. २०२३ साली भारतातल्या ५६०६ नमुन्यांपैकी २१३ नमुन्यांत बंदी असलेली द्रव्यं निघाली. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं.

गावाने काय करावं?

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं ते अशा पाठबळावर. पैलवान घडवणं हे गावाचं काम होतं. मग त्याला जपणं कुणाचं?

यात्रा कमिटीला लघवीची तपासणी परवडणार नाही, हे खरं. पण इनामाचा सगळा पैसा शेवटच्या एका कुस्तीवर न उधळता लहान गटांच्या कुस्त्यांना वाटून देता येईल. उतावळेपणा तिथेच कमी होतो. सुई सापडेल त्या पोराला फडात जोड नाही, असं वस्तादांनी तालमीच्या दारावर लिहून लावावं. आणि आई-बापांनो, पोराचं वजन दोन महिन्यांत भराभर वाढलं, पाठीवर फोड उठले, स्वभाव चिडका झाला, तर नुसतं कौतुक करू नका. 'काय घेतोस?' असं सरळ विचारा. पावडरीचा डबा न् इंजेक्शनची बाटली डॉक्टरांना दाखवा.

आणि खुराकावरचा पैलवान हरून खाली उतरला, तर त्याच्याही पाठीवर थाप मारा. पुढच्या जत्रेत तो पुन्हा मातीत उतरेल की नाही, ते त्या थापेवरही ठरतं.